एक आकडी माणूस

५ जानेवारी, रविवार. सकाळी ५.५०

संकल्प. या वर्षी गोल्फमधला हँडिकॅप एक आकडी करायचा म्हणजे करायचाच. सध्या चौदा आहे. म्हणजे क्लब मला एका फेरीत चौदा फटके माफ करतो. मला माफी नको. माफी दुबळ्यांना. ज्याला खेळ येत नाही त्याचा आकडा मोठा, ज्याला येतो त्याचा लहान, इतकं साधं आहे, पण आमच्या घरात एकाच्याही डोक्यात शिरत नाही. गेल्या वर्षी सासूबाईंना सांगितलं, अठराचा चौदा झाला. त्या म्हणाल्या, असू दे हो, मनाला लावून घेऊ नका, वाढेल परत.

क्लबच्या जिन्याखाली लाकडी बोर्ड आहे. एक आकडी खेळाडूंची नावं, पितळी पट्ट्यांवर. एकूण सहा. दोघे वारलेत, एकाला आता वाकता येत नाही. बोर्डावर सातवी पट्टी बसेल एवढी जागा आहे. मी मोजली आहे.

डोकं खाली. डावा हात सरळ. साखर बंद. राग बंद.

दुपारी १.३०

त्र्याण्णव फटके. पहिला रविवार म्हणून ठीक. पाचव्या होलवर गवत कापलेलं नव्हतं, अकराव्यावर कुणीतरी शिंकलं, चौदाव्यावर चेंडूच सदोष होता. हे तिन्ही धरलं तर पंच्याऐंशी.

१२ जानेवारी, रविवार

एक्याण्णव. घड्याळवाल्याचे सत्त्याण्णव.

घड्याळवाला म्हणजे माझा जोडीदार. बाजारात घड्याळं दुरुस्त करण्याचं दुकान आहे. सहा वर्षं आम्ही दर रविवारी त्याच्या गाडीतून जातो. नियम असा की आपला आकडा आपण लिहायचा नाही. माझं कार्ड तो लिहितो, त्याचं मी. अठरापैकी प्रत्येक होल संपला की तो हळूच विचारतो, मी सांगतो, तो लिहितो. शेवटी बेरीज सांगतो. खाली तो सही करतो, मी सही करतो. कार्डाकडे बघत नाही. खेळताना कार्ड बघितलं की खेळ बिघडतो हे मोठमोठे खेळाडू सांगतात. शिवाय मी वजनमापे निरीक्षक. आठवडाभर दुकानदारांचे काटे तपासायचे, लबाडी पकडायची, सील ठोकायचं. रविवारी तरी डोळ्यांना सुट्टी हवी.

त्याचं कार्ड मात्र मी काटेकोर लिहितो. आज सहाव्यावर वाऱ्यानं त्याचा चेंडू जरासा हलला. मी एक फटका धरला. तो काही म्हणाला नाही. तो कधीच काही म्हणत नाही. म्हणूनच त्याचा हँडिकॅप बावीस आहे.

चेंडूला न लागता हवेत जाणारे माझे स्विंग मी धरत नाही. ते सरावाचे असतात. मारायचा विचारच नसतो. आणि विचार माझा, तो मलाच ठाऊक.

१९ जानेवारी, रविवार

क्लबात एक दातांचा डॉक्टर नव्यानं आलाय. खेळायला लागून दोन वर्षं. हँडिकॅप बारा. कानामागून आली आणि तिखट झाली म्हणतात ते हेच. माझ्यापेक्षा दोननं कमी! शूज पांढरे, हातमोजा पांढरा, दात पांढरे. सतत हसतो. धंद्याची जाहिरात असणार.

पहिल्या टीवर, म्हणजे सुरुवातीचा फटका मारतात तिथे, मी नुसता उभा होतो तर म्हणाला, मागे नेताना तुमचं उजवं कोपर उडतं. ओळख नाही, पाळख नाही. मी म्हटलं, तुमच्या खुर्चीत बसलेल्याला बोलता येत नाही म्हणून तुम्हाला बोलायची सवय झालेली दिसते. तो हसला. घड्याळवाला पण हसला. घड्याळवाल्याला परतीच्या वाटेवर सुनावलं.

ब्याण्णव.

२२ जानेवारी, बुधवार. सकाळी ७

उजवं कोपर उडत नाही. आरशासमोर बघितलं. आरसा लहान आहे.

२ फेब्रुवारी, रविवार

नवा ड्रायव्हर घेतला, म्हणजे लांब मारायची काठी. डोकं भाजीच्या पातेल्याएवढं. विकणारा म्हणाला, यानं कुणीही मारला तरी चेंडू सरळच जातो. पहिला फटका शेजारच्या होलवर खेळणाऱ्या चार बायकांच्या मधोमध. त्यांनी आरडाओरडा केला. चेंडू कुणाला लागला नव्हता, मग ओरडायचं कारण काय? दुसरा झाडात. तिसरा कुठे गेला ते कुणाला दिसलं नाही, म्हणजे लांबच गेला असणार.

काठीचा दांडा मऊ आहे. माझ्या ताकदीला पुरत नाही.

तरी नव्वद! घड्याळवाल्यानं बेरीज सांगितली तेव्हा मला स्वतःलाही आश्चर्य वाटलं. खेळात असताना माणसाला आपला खेळ कळत नाही.

घरी बायकोनं दार उघडलं ते हसतच. चहा तयार. माझ्या खेळाची कदर आहे घरात, एवढं मान्य करतो. सुरुवातीच्या वर्षी एकदा एकशे नऊ झाले होते, त्या दिवशीचं इथे लिहीत नाही. फ्रिजचं दार आता नीट लागतं.

५ फेब्रुवारी, बुधवार

दिवाणखान्यात स्विंगचा सराव. दिवा फुटला. दिवा फार खाली टांगला होता. बसवणाऱ्याला फोन केला, तो म्हणाला नऊ वर्षं तिथेच आहे. उचलली जीभ लावली टाळ्याला.

मुलगी शेवटच्या वर्षाचा अभ्यास करते म्हणून आतलं दार लावून घेते. दिवा फुटल्यावर दार उघडून बघितलं, परत लावलं. हल्लीच्या मुलांना बापाच्या आयुष्यात रस नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार

क्लबात खेळ शिकवणाऱ्या मास्तरांकडे शिकवणी लावली. सत्तरीचे आहेत. मोबाईलवर माझ्या स्विंगचा व्हिडिओ काढला आणि दाखवला. व्हिडिओत एक जाडा माणूस साप साप म्हणून भुई धोपटत होता. मी म्हटलं, हा कोण? मास्तर म्हणाले, तुम्ही. कॅमेरा तिरका धरला होता.

मास्तरांचा सल्ला: मारू नका, नुसती काठी फिरवा. मग म्हणाले, ग्रिप बदला. मग म्हणाले, उभं राहणं बदला. शेवटी म्हणाले, चालायला जाता का तुम्ही, चालणंही चांगलं.

शिकवणी बंद.

२ मार्च, रविवार

आज एक वेगळं. मी बूट घालत असताना बायको आतल्या खोलीत फोनवर कुणाशी तरी हळू आवाजात बोलत होती. दर रविवारी बोलते. बहीण असणार. या बहिणींना सकाळी सहाला काय सुचतं देव जाणे. परीक्षा उद्यापासून आहे, तीन आठवडे चालणार, एवढं ऐकू आलं. मग, जरा जास्तच सांभाळून घ्या, असं काहीतरी. बहिणीला अहोजाहो कधीपासून करायला लागली?

दुपारी १.१५

त्र्याऐंशी!!! आयुष्यातला सर्वोत्तम. सातव्या होलवर चेंडू तीनदा पाण्यात गेला तरी! म्हणजे बाकीचा खेळ कसा झाला असेल.

सातव्याबद्दल एकदा लिहूनच ठेवतो. नाचता येईना अंगण वाकडं ही म्हण ज्यानं काढली तो आमच्या सातव्या होलवर कधी खेळलेला नाही. तिथे अंगण खरोखर वाकडं आहे. ऑफिसातला पाणसळ नेऊन मी बघितलंय.

९ मार्च, रविवार

ब्याऐंशी.

१६ मार्च, रविवार

ब्याऐंशी. हँडिकॅप अकरा. दातवाला बाराच. त्याला जिन्याखाली गाठून आकडा सांगितला. तो म्हणाला, वा, तुमच्याबरोबर एकदा खेळायला पाहिजे. आवाजात खोच होती. मी म्हटलं, घोडामैदान जवळच आहे.

घड्याळवाला गाडीत गप्प होता. मत्सर. माणूस कितीही चांगला असला तरी शेवटी माणूस. त्याला समजावलं की बावीसवाल्यांनी निराश होऊ नये, कुणीतरी बावीस असायलाच हवं, नाहीतर एक आकडीला अर्थ काय.

२३ मार्च, रविवार

एक्याऐंशी. मुलीचा शेवटचा पेपर काल झाला. चांगला गेला म्हणे. घरात तीन आठवडे कसं शांत, प्रसन्न वातावरण होतं. मी फॉर्मात असलो की घराला फळ मिळतं. हे तिला सांगितलं. ती आईकडे बघून हसली.

१३ एप्रिल, रविवार

हँडिकॅप नऊ. नऊ. नऊ.

पट्टी लागली. सेक्रेटरी स्वतः स्क्रू पिळत होते, मी खाली उभा राहून सरळ आहे का ते सांगत होतो. अर्धा मिलिमीटर डावीकडे झुकली आहे, पण सोडून दिलं. दातवाल्यानं अभिनंदन केलं. मी स्वीकारलं नाही.

घड्याळवाला फोटोत आला नाही. त्याला घाम आला होता. गाडीत म्हणाला, आता बस झालं ना, आता थोडे दिवस खेळ कमी करू या. मी म्हटलं, आता तर सुरुवात आहे. त्यानं गाडी दुसऱ्या गियरमध्येच घरापर्यंत आणली.

४ मे, रविवार

अकरा तारखेला कॅप्टन कपचे सामने. याद्या लागल्या. स्पर्धेत जोड्या चिठ्ठ्या टाकून ठरतात आणि आपलं कार्ड समोरचा लिहितो. माझी चिठ्ठी दातवाल्याबरोबर निघाली.

देव आहे.

घड्याळवाल्यानं यादी वाचली आणि चष्मा काढून परत वाचली. म्हणाला, तुमची कंबर दुखत होती ना? मी म्हटलं, नाही. म्हणाला, दुखू शकते. अकरा तारखेला आराम करा. घरी सांगितलं तर बायको म्हणाली, अकराला आपण माझ्या बहिणीकडे जाऊ या. मुलगी म्हणाली, जाऊ याच. या मुलीला मावशी आवडत नाही.

माणूस वर चढायला लागला की घरचे आणि दारचे मिळून पाय ओढतात. जाणार नाही. पट्टीवर नाव असलेला माणूस चिठ्ठी निघाल्यावर पळाला असं कुणी म्हणता कामा नये.

११ मे, रविवार. सकाळी ६.२०

राग बंद. डोकं खाली. नवा हातमोजा. दातवाला हसत उभा आहे.

दुपारी २.४०

एकशे एकवीस.

दुपारी ३

हे लिहिलं पाहिजे, नाहीतर डोकं फुटेल.

पहिल्याच होलवर तो माणूस मोठ्यानं मोजायला लागला. मोठ्यानं! मी टीवर सरावाचा एक फिरवला, तो म्हणाला, एक. मी म्हटलं, हा सराव होता. तो म्हणाला, चेंडूशेजारची माती उडाली, चेंडू हललाय. मी त्याला सांगितलं की चेंडू हलला तो मातीमुळे, माझ्यामुळे नाही. त्यानं पेन्सिल कानामागून काढून एक रेघ ओढली आणि परत खोचली. तिथूनच माझा तोल गेला. तिसऱ्याच्या वाळूत मी चार फटके मारले, तो सात म्हणाला. सातव्यावर अकरा. अंगण वाकडं आहे हे सांगितलं तर म्हणाला, मग माझंही वाकडंच असेल ना. त्याचे चार!

एकदाही रागावला नाही. एकदाही आवाज चढवला नाही. दर वेळी आकडा सांगून विचारायचा, बरोबर ना? दाढ काढण्यापूर्वी विचारतात तसं.

निकालाच्या फळ्यावर सगळ्यात खाली माझं नाव. सगळ्यात खाली! फळा त्याच जिन्याखाली. येणारा-जाणारा आधी फळा बघतो, मग वर पितळी पट्टी बघतो, मग परत फळा.

कप कुणाला मिळाला ते लिहायचं नव्हतं. घड्याळवाल्याला. शहाऐंशी मारले आणि वर बावीसची सवलत. फुकटचा कप.

१२ मे, सोमवार

रजा टाकली. कमिटीकडे तक्रार लिहिली. चार पानं, दोन्ही बाजूंनी. मुद्दा एकच: दातवाल्यानं द्वेषापोटी खोटे आकडे लिहिले. नऊचा खेळाडू एकशे एकवीस मारूच शकत नाही, हे गणितानंच अशक्य आहे. खोटं माप पकडण्याची माझी अठरा वर्षांची नोकरी आहे, मला शिकवू नका. साक्षीदार म्हणून घड्याळवाला. सहा वर्षांची माझी सगळी कार्डं त्याच्या हातची आहेत. ती काढा, त्याला समोर उभा करा आणि विचारा हा माणूस किती मारतो. हातच्या काकणाला आरसा कशाला.

मागणी: दातवाल्याला क्लबातून काढावं. नाहीतर मी क्लब सोडेन, असं शेवटी ठळक लिहिलं.

बायकोनं वाचलं. म्हणाली, हे देऊ नका. हात दाखवून अवलक्षण होईल. मी म्हटलं, अवलक्षण कुणाचं ते कळेलच.

१४ मे, बुधवार

घड्याळवाला ऑफिसात आला. सहा वर्षांत पहिल्यांदा. टेबलावर वजनं मांडलेली होती, त्यातलं सर्वात लहान वजन चिमट्यानं उचलून परत जागेवर ठेवलं. म्हणाला, तक्रार मागे घ्या. मी म्हटलं, का? तो म्हणाला, माझ्यासाठी घ्या. मी म्हटलं, तुम्हाला कुणाला दुखवायला नको असतं, हाच तुमचा रोग आहे. तुम्ही फक्त खरं बोला, बाकी मी बघतो.

तो म्हणाला, खरंच बोलू का? मी म्हटलं, मित्र म्हणून तेवढंच मागतो.

चहा न घेता गेला.

१८ मे, रविवार. दुपारी १२.३०

कमिटीची बैठक झाली. घरी जायला गाडी नाही. क्लबच्या बाकावर बसून लिहितोय.

सेक्रेटरींनी माझी कार्डं टेबलावर पसरली. मोठा गठ्ठा होता. दातवाला एका बाजूला बसला होता, आज हसत नव्हता. सेक्रेटरींनी घड्याळवाल्याला विचारलं, ही कार्डं तुमच्या हातची का? तो म्हणाला, हो. बरोबर आहेत का? तो म्हणाला, नाही. डॉक्टरांचं कार्ड बरोबर आहे. माझं एकही नाही.

मला वाटलं तो घाबरला. मी त्याला खूण केली, बोला, बिनधास्त बोला.

तो बोलला. म्हणाला, हे स्वतःच दहा-बारा कमी सांगतात. उरलेले पंधरा मी कमी करायचो. पहिल्या वर्षी एकदा खरे लिहिले होते, एकशे नऊ. त्यानंतर चार रविवार हे माझ्याशी बोलले नाहीत. मग वहिनींचा फोन आला.

सेक्रेटरींनी विचारलं, कोण वहिनी?

यांच्या मिसेस, तो म्हणाला. त्या दिवशी घरी फ्रिजचं दार निखळलं होतं, म्हणून त्यांनी विचारलं की शंभरच्या आत राहू देता येईल का. मी म्हटलं, बघतो. मग दर रविवारी सकाळी फोन यायचा. पाहुणे असले तर नव्वद. नुसता रविवार असला तर ब्याण्णव-त्र्याण्णव चालेल म्हणायच्या. मार्चमध्ये मुलीची परीक्षा होती, तेव्हा म्हणाल्या, तीन आठवडे जरा जास्तच सांभाळून घ्या. तिथे माझा हात सैल सुटला. हे एक आकडी होतील असं माझ्या ध्यानातच आलं नाही. पट्टी लागली तेव्हा मला कळलं काय करून बसलो.

म्हणाला, लोक माझ्याकडे घड्याळ पाच मिनिटं पुढे लावून घ्यायला येतात. त्यांनाही माहीत असतं, मलाही. मला वाटलं हे तसंच आहे. पण यांना माहीतच नव्हतं. यांना खरंच वाटत होतं.

कुणी हसलं नाही. हसले असते तर मी काहीतरी बोललो असतो.

मग त्यानं पिशवीतून कप काढून टेबलावर ठेवला. म्हणाला, माझं कार्ड हे लिहितात, त्यात दर वेळी पाच-सहा जास्तीचे असतात, म्हणून माझी सवलत बावीस आहे. हा कप माझा नाही.

दर वेळी! आणि सहा वर्षं एक शब्द नाही!

निकाल: दातवाल्यावर ठपका नाही. घड्याळवाल्याचा हँडिकॅप बावीसवरून सोळा, आणि एक वर्ष त्याला कुणाच्याही कार्डावर सही करता येणार नाही. माझा हँडिकॅप बत्तीस. बत्तीस म्हणजे नवशिक्यांचा. क्लब सोडण्याबद्दल सेक्रेटरींनी विचारलं, तक्रारीत लिहिलंय ते कायम आहे का. मी म्हटलं, विचार करून सांगतो.

संध्याकाळी ६

बायकोला विचारलं. ती कपड्यांच्या घड्या करत होती. नाही म्हणेल असं वाटलं होतं. म्हणाली, हो, करत होते फोन. मग काय करायला हवं होतं? सोमवारपर्यंत जेवायचं नाही, बोलायचं नाही, दारं आपटायची, पोरीनं घरात चवड्यावर चालायचं, तेही एका चेंडूसाठी. लाज वाटत होती परक्या माणसाला सांगताना. तरी केले.

मी म्हटलं, म्हणजे तुम्ही सगळे मिळून मला फसवत होता. ती म्हणाली, तुम्हाला भीत होतो.

मुलगी दारात उभी होती. मी विचारलं, तुलाही माहीत होतं? ती म्हणाली, बाबा, रविवारी सकाळी मीच आईला विचारायचे, आज किती सांगितलेस म्हणून. त्यावर मी अभ्यासाचं ठरवायचे.

मला फार राग आला आहे. कुणाचा ते नक्की करतोय.

२५ मे, रविवार

गोल्फ सोडला. कायमचा. खेळ मुळातच फालतू आहे. मोठी माणसं काठ्या घेऊन भोकं शोधत हिंडतात.

घड्याळवाला नीच. दातवाला नीच. सेक्रेटरी शेळपट. मास्तर म्हातारे. पट्टी काढली असेल, बघायला गेलो नाही.

१ जून, रविवार. सकाळी ११

घरात आहे. सगळे घरात असतील असं वाटलं होतं. सव्वानऊला मुलगी मैत्रिणीकडे गेली. परीक्षा संपली आहे, तरी वही घेऊन गेली. दहाला बायको म्हणाली, दळण आणते. दळण काल आणलंय.

मी काही बोललोसुद्धा नाही. दार आपटलं नाही. सकाळपासून नुसता खुर्चीवर बसलो आहे, अगदी शांतपणे. तर शेजारचाही आत डोकावून, साहेब घरी का आज, म्हणाला आणि गेला.

८ जून, रविवार

फरशीवर चेंडू ठेवून पटरनं, म्हणजे भोकात ढकलायच्या काठीनं, ढकलत होतो. मोजले. वीसपैकी चार खुर्चीच्या पायाला लागले. सहा असं लिहिणार होतो.

बायको स्वयंपाकघरात फोनवर बोलत होती. या वेळी आवाज हळू नव्हता. म्हणत होती, भाऊजी, तिसरा रविवार आहे, ते नुसते बसून असतात आणि आम्ही दोघी बाहेर फिरत राहतो. रागावत नाहीत, पण आम्हाला सवयच राहिली नाही हो. मग बराच वेळ ऐकत होती. मग म्हणाली, हो, खरं लिहा. मी सांगणार नाही काही. पुन्हा कधीच नाही सांगणार.

१५ जून, रविवार. दुपारी २

सहाला खाली हॉर्न वाजला. मी म्हटलं, जाणार नाही. पिशवी आधीच दाराबाहेर ठेवलेली होती. पायात बूट कुणी घातले ते माहीत नाही, मीच घातले असणार.

गाडीत बसलो. तो माफी मागेल म्हणून मी खिडकीबाहेर बघत बसलो. त्यानं मागितली नाही. चौकात सिग्नलला म्हणाला, सहीला बंदी आहे, लिहायला नाही. कार्ड क्लबात चालणार नाही, आपल्यापुरतं.

जिन्याखालून न जाता मागच्या दारानं गेलो. पहिल्या टीवर आमच्या मागे तिघे थांबले होते. एक स्विंग हवेत गेला. मग गवतात, मग झाडात, झाडातून परत गवतात, मग वाळू, वाळूत बराच वेळ, मग कसाबसा ग्रीनवर, भोकाजवळच्या हिरवळीवर.

त्यानं विचारलं. मी म्हटलं, सहा. त्यानं पेन्सिल कागदावर टेकवून ठेवली, लिहिलं नाही. मी म्हटलं, सात. मागचे तिघे खोकले. मी म्हटलं, वारा होता. तो माझ्याकडे बघत राहिला, रागानं नाही, दुकानात एखादं उघडं घड्याळ बघतात तसा. मी आठ म्हणालो. पेन्सिल तिथेच.

मग मी टीपासून मनात सुरुवात केली. हवेतला धरला. झाडातले दोन्ही धरले. वाळूतले मोजताना दोनदा चुकलो, परत पहिल्यापासून घेतले.

अकरा, म्हटलं.

त्यानं अकरा लिहिले आणि कार्ड माझ्यापुढे धरलं. सहा वर्षांत पहिल्यांदा बघितलं. त्याचं अक्षर फार बारीक आहे. अजून सतरा होल बाकी होते.